खुंट जंबेरीचा, नाव नागपूरचे

आमच्या घरी एके वर्षी, मृगाच्या बहाराची संत्री अडत्याने फारच स्वस्त सोडल्यामुळे, आत्याबाईंनी त्यांचा मुरांबा करण्याचा घाट घातला. आवळा, कैरी, पेरू आणि वेळप्रसंगी कोहळा यांचा पाक बिनचूक साधणाऱ्या त्या बाईंना संत्र्यासारखे रसाळ व सुगंधी फळ दगा देईल अशी शंका कोणालाही आली नाही. परंतु दोन दिवसांनी बरणी उघडली तेव्हा वास संत्र्याचा, रंग केशराचा आणि चव मात्र काडेचिराइताची निघाली. आत्याबाईंनी प्रथम साखरेला, मग कल्हई उडालेल्या पातेल्याला आणि अखेरीस बिया काढण्यात हयगय करणाऱ्या आम्हा मुलांना दोष दिला. तिसरा आरोप अंशतः खरा होता, हे कळावयास मला पुढे बरीच वर्षे लागली.

संत्र्याच्या बियांत आणि फोडींवरील पातळ पापुद्र्यात असे एक द्रव्य असते, की जे अखंड फळात स्वतः कडू नसते. परंतु फळ पिळले, पापुद्रे फाटले आणि त्या द्रव्याची रसातील आम्लाशी गाठ पडली, म्हणजे काही तासांत त्यापासून लिमोनिन हा अत्यंत कडू पदार्थ तयार होतो, आणि विस्तव या क्रियेस हातभारच लावतो. म्हणून आता पिळलेला रस अमृततुल्य लागतो, आणि तोच रस झाकून ठेवून संध्याकाळी प्यावयास घेतला तर घोटागणिक तोंड वाकडे होते. नागपुरी संत्र्यात हा विलंबित कडवटपणा चांगलाच जाणवतो. ज्या प्रांतात संत्र्यांचे ढीग पडतात, त्या प्रांतात रस बाटल्यांत भरण्याचा धंदा अपेक्षेइतका का फोफावला नाही, याच्या कारणांत बाजार, भांडवल आणि सरकारी अनास्था यांच्याबरोबर या अदृश्य कडू कणाचीही गणना करावी लागते. राळेच्या विशिष्ट कणांतून रस गाळून तो कडूपणा शोषून घेण्याच्या युक्त्या शास्त्रज्ञांनी शोधल्या आहेत खऱ्या, पण आत्याबाईंच्या स्वयंपाकघरात त्या पोहोचण्यासारख्या नव्हत्या.

काही फळे हातात घेऊन खाण्याची असतात आणि काही चुलीवर चढवण्याची, हा भेद आपण कैरी व आंबा यांच्या बाबतीत सहज पाळतो. विलायतेतील लोकांनी तो सफरचंदाच्या बाबतीत फार काटेकोरपणे पाळला आहे. इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायर परगण्यातील साउथवेल या गावी 1809 साली मेरी अ‍ॅन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीने एक बी रुजत घातले. त्याचे झाड झाले. पुढे ते झाड ज्या आवारात होते ते घर 1846 साली मॅथ्यू ब्रॅम्ले नावाच्या खाटकाने विकत घेतले. आणि 1856 साली हेन्री मेरीवेदर या रोपवाल्या तरुणाने त्या झाडाच्या कलमकाड्या मागितल्या, तेव्हा फळाला आपले नाव द्यावे या अटीवर ब्रॅम्लेने त्या दिल्या. बी लावणारी मुलगी विस्मृतीत गेली आणि सफरचंद खाटकाच्या नावाने अजरामर झाले! ते इतके आंबट असते की कच्चे खाणाऱ्याचे दात शिवशिवावेत, परंतु शिजवले म्हणजे त्याचा गर फेसासारखा मऊ होतो आणि आम्लता शिल्लक राहिल्यामुळे साखरेतही त्याची चव हरवत नाही. आमचे संत्रे याच्या नेमके उलट वागते. मोकळ्या हवेत, उभ्या उभ्या, सोलून खाल्ले तर त्याच्यासारखे फळ नाही. चुलीजवळ नेले की ते रुसते. इंग्रज लोक ज्या नारिंगाचा मार्मालेड नावाचा मुरांबा करतात ते स्पेनमधील सेव्हिलचे कडू नारिंग, आणि त्याच्या जाड सालीखालच्या पांढऱ्या अस्तरात पाक घट्ट करणारे पेक्टिन भरपूर असते. नागपुरी संत्र्याची साल पातळ आणि अंगाशी सैल, त्यामुळे तेही भांडवल तोकडेच.

ब्रॅम्लेच्या जन्माचा असा दाखला उपलब्ध आहे, पण नागपुरी संत्र्याचा नाही. लिंबूवर्गीय फळांच्या वंशावळीचा अलीकडे जनुकांच्या साहाय्याने जो शोध लागला आहे, त्यावरून या साऱ्या घराण्याचे मूळ हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, म्हणजे आसाम, ब्रह्मदेश आणि चीनचा युनान प्रांत यांच्या सांध्यावर असावे असे मानतात. मेघालयातील गारो टेकड्यांत, नोक्रेकच्या अरण्यात, रानटी संत्र्याची एक जात आजही उभी आहे. महाळुंग, पपनस आणि संत्रे ही या घराण्यातील तीन प्रमुख मूळ कुळे. मोसंबे हे पपनस व संत्रे यांच्या संकरातून निघालेले, आणि कागदी लिंबाच्या अंगात महाळुंगाचे रक्त आहे. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हाती जे महाळुंग आहे, ते अशा रीतीने आपल्या सरबताचे पूर्वज ठरते.

नावाचा इतिहास याहूनही गुंतागुंतीचा आहे. संस्कृतात नारंग आणि नागरंग अशी दोन्ही रूपे आढळतात. त्यांपैकी दुसरे तर नाग नदीच्या काठच्या नगरासाठीच कोणी घडवले असावे असे एखाद्या अभिमानी नागपूरकरास वाटले तर त्याला क्षमा करावी, पण तो निव्वळ योगायोग आहे. नारंगाचे फारसीत नारंग, अरबीत नारंज आणि स्पॅनिशमध्ये नारांखा झाले. इंग्रजीपर्यंत पोहोचता पोहोचता आरंभीचा नकार गळून पडला आणि ऑरेंज उरले. आपण मराठीत रंगाला नारिंगी म्हणतो आणि फळाला संत्रे, ही दोन घराण्यांची सोयरीक झाली. संत्रे हा शब्द पोर्तुगालमधील सिंत्रा गावावरून आला अशी व्युत्पत्ती पुष्कळदा ऐकू येते आणि ती कानाला गोडही वाटते. परंतु बाबर बादशहाने आपल्या आत्मवृत्तात हिंदुस्थानातील फळांची यादी दिली आहे, तीत नारंज, लिमू, जंबिरी यांच्या पंक्तीला संगतरा हे नाव आले आहे. बाबराचा अंत 1530 साली झाला, आणि पोर्तुगीजांचे पहिले गलबत कालिकतला लागले ते 1498 साली. अवघ्या तीस वर्षांत एका परदेशी गावाचे नाव मलबारच्या बंदरातून निघून उत्तरेच्या बागांत रूढ व्हावे आणि ते देशी म्हणून बादशहाने नोंदवावे, हे मला तरी पटत नाही.

नागपुरास हे फळ कसे आले, याविषयी सर्वमान्य परंपरा अशी की अठराव्या शतकाच्या अखेरीस दुसरे रघुजीराजे भोसले यांनी ते औरंगाबादेहून आणवून आपल्या खासगीच्या परसबागेत लावले. या रघुजींची कारकीर्द 1788 ते 1816 अशी. नागपूरच्या भोसल्यांना बागांचा षोक होता. तुळशीबाग, तेलंगखेडी, सोनेगाव, सक्करदरा ही नावे त्या षोकाची साक्ष देत आजही शहराच्या नकाशावर आहेत. मुदपाकखान्यासाठी भाजीपाला पिकवणाऱ्या वाफ्यांच्या कडेला एक नवे फळझाड लावले जावे, ही घटना तत्कालीन दफ्तरदाराच्या दृष्टीने इतकी किरकोळ असणार की ओरिसाच्या महसुलाचा पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या त्या लेखण्यांनी तिच्यासाठी किती शाई खर्चिली असती, याची कल्पना न केलेली बरी. ज्या राजाने हे झाड आणले त्याच राजाला 1803 साली आडगावच्या लढाईत इंग्रजांकडून पराभव पत्करावा लागला, आणि त्या वर्षी 17 डिसेंबर रोजी झालेल्या देवगावच्या तहाने कटक प्रांत आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड त्याच्या हातून गेले. वर्धा नदी ही भोसल्यांच्या राज्याची सरहद्द ठरली. या नदीचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण पुढे तिची पुन्हा गाठ पडणार आहे.

राजवाड्याच्या भिंतीआडून हे फळ रयतेच्या शेतात केव्हा आले, ते एका तारखेने सांगण्यासारखे नाही. पण ते नागपूरचे म्हणून हिंदुस्थानभर कसे झाले, हे सांगता येते. भोसल्यांचे राज्य 1853 साली तिसऱ्या रघुजींच्या निपुत्रिक मृत्यूने संपले आणि लवकरच इंग्रजांनी ते खालसा केले. मुंबईकडून येणारी लोहमार्गाची वाट 1867 साली नागपुरास पोहोचली. बैलगाडीच्या धक्क्यांनी ज्याची साल चार दिवसांत पिचली असती असे नाजूक फळ आता मुंबईच्या बाजारात ताजे उतरू लागले, आणि ज्या स्थानकावर ते गाडीत चढे त्याचे नाव त्याला चिकटले. स्थानकाच्या पूर्व अंगाला संत्रा मार्केट म्हणून जो भाग ओळखला जातो, तो या व्यापाराची खूण आहे. काटोलच्या शेतकऱ्याने पिकवलेले संत्रेही नागपुरी, कळमेश्वरचेही नागपुरी, आणि पुढे वरुडचेही नागपुरीच! 2014 साली भौगोलिक मानांकन मिळाले तेही नागपूर संत्रे याच नावाने.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास घेतला तिच्याकडे वळतो. नागपुरी संत्र्याचे जे झाड आपण पाहतो ते एक नसून दोन झाडे असतात. जमिनीतील मुळे आणि वीतभर खोड हे जंबेरीचे, म्हणजे खडबडीत सालीच्या, आंबट आणि बाजारात कोणी फुकटही न घेणाऱ्या एका लिंबाचे. त्यावरील सारा विस्तार संत्र्याचा. वऱ्हाड-नागपुराकडे रोपवाटिकेला पन्हेरी म्हणतात, आणि वरुडजवळचे शेंदुरजना घाट हे गाव या पन्हेऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे जंबेरीचे बी पेरतात, रोप शिसपेन्सिलीएवढे जाड झाले म्हणजे त्याच्या सालीवर इंग्रजी टी अक्षरासारखी चीर देतात, आणि उत्तम संत्र्याच्या फांदीवरून काढलेला एक डोळा त्या चिरेत बसवून बांधून टाकतात. डोळा फुटला की वरचा जंबेरीचा शेंडा छाटावयाचा. यापुढे खालच्याने जमिनीतून पाणी ओढावे आणि वरच्याने कीर्ती मिळवावी, असा हा संसार चालतो.

जंबेरीच निवडण्याचे कारण असे की तिचे मूळ जोरकस असते, झाड लवकर वाढते आणि भरघोस फळते. शिवाय तिच्या बीजात एक चमत्कारिक गुण आहे. ब्रॅम्ले सफरचंदाचे बी पेरले तर ब्रॅम्ले उगवत नाही, भलतेच काही तरी उगवते; म्हणून जगातील सारी ब्रॅम्ले झाडे त्या एका झाडाची कलमे आहेत. उलट जंबेरीच्या एका बीमधून दोन-तीन अंकुर निघतात, आणि त्यांपैकी बहुतेक परागसंयोगाने झालेले नसून केवळ आईच्या ऊतीपासून झालेले, म्हणजे आईची हुबेहूब प्रतिकृती असतात. त्यामुळे हजारो खुंट एका साच्यातून काढल्यासारखे निघतात. खुद्द नागपुरी संत्र्याच्या बीमध्येही हा गुण आहे. आणि जनुकांच्या अभ्यासाने आता असे दाखवले आहे की जंबेरी हा संत्रे-कुळातील आई आणि महाळुंगाचा बाप यांचा संकर आहे. ज्या आंबट, उपेक्षित खुंटावर संत्रे दिमाखात बसते, तो त्याचा भाचाच निघाला.

हे झाड लावले आणि पाणी घातले म्हणजे फळ येते असा समज असेल तर तो सोडून द्यावा. संत्र्याला पाणी देण्यापेक्षा न देण्यात माळ्याचे कसब आहे. विदर्भात मुख्यतः दोन बहार घेतात. आंब्याला मोहोर येतो त्या सुमारास, जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा तो आंबिया, आणि पहिल्या पावसाबरोबर जूनमध्ये फुलणारा तो मृग. झाड बारमाही हिरवे असल्यामुळे मोकळे सोडले तर ते वर्षभर थोडे थोडे फुलत राहील आणि एकही पीक धड देणार नाही. म्हणून त्याला ताण द्यावा लागतो. फुलोऱ्यापूर्वी काही आठवडे पाणी तोडतात, जमीन वखरून मुळांजवळची माती तापू देतात, पाने मलूल होऊन काही गळूही लागतात. अशा अवस्थेत झाड वाढीचा नाद सोडून अन्नसंचय करते, आणि मग खत घालून पाणी सोडले की चार दिवसांपूर्वी मरणोन्मुख दिसणारी फांदी पांढऱ्या फुलांनी झाकून जाते. आंबियासाठी हा ताण हिवाळ्यातला, त्याला थंडीचे साहाय्य असते. मृगासाठी मे महिन्यातला, म्हणजे नागपूरच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हातला. ताण कमी पडला तर फुले येत नाहीत, जास्त झाला तर झाड जाते. आणि मृगाच्या बहाराचे पाणी सोडण्याचा अधिकार आकाशाकडे असल्यामुळे नक्षत्र कोरडे गेले की सारी तपश्चर्या व्यर्थ होते.

दोन्ही बहारांच्या फळांचा स्वभाव निराळा. आंबियाची संत्री ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, दिवाळीच्या आगेमागे उतरतात. त्या वेळी रात्री पुरेशा थंड झालेल्या नसतात, आणि सालीतील हरितद्रव्य नाहीसे होण्यास थंड रात्रींची आवश्यकता असल्याने ती आत पिकूनही वरून हिरवट-पिवळी राहतात. परप्रांतीय गिऱ्हाईक त्यांना कच्ची समजते. मृगाचे फळ पूर्ण हिवाळा अंगावर काढून फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, म्हणून त्याचा रंग पक्का, गोडी अधिक आणि टिकाऊपणाही बरा. दहा-अकरा फोडी, सव्वाशे ग्रॅमच्या आसपास वजन, नखाने सुरुवात केली की अंगरख्यासारखी उतरणारी साल, आणि गोडीच्या मागोमाग जिभेवर येणारी किंचित आंबट झाक, ही खऱ्या नागपुरीची लक्षणे. ती झाक नसलेले नुसते गोड संत्रे मला तरी नीरस वाटते. बियांचा उपद्रव आहेच. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेने, जिचा आरंभ 1985 साली एक प्रयोगकेंद्र म्हणून झाला, जवळजवळ बीविरहित असा वाणही निवडून काढला आहे.

या काळ्या जमिनीचे उपकार आहेत तसे अपकारही आहेत. बेसाल्ट खडक झिजून झालेली ही चिकण माती ओलावा धरून ठेवते, म्हणून संत्रे येथे रमले. पण तीच माती पावसाळ्यात पाणी तुंबवते, मुळे गुदमरतात, आणि फायटोफ्थोरा नावाच्या सूक्ष्म जीवाच्या लागणीने खोडातून डिंक पाझरू लागतो. शेतकरी याला डिंक्या म्हणतात. पाणी खोडाला भिडू नये म्हणून जाणते लोक दुहेरी आळे करतात, आतले कोरडे आणि बाहेरचे ओले, आणि खोडाला बोर्डोचा लेप देतात. दुसरा शत्रू काळी माशी. ती पानांवर जो चिकट गोड स्राव सोडते त्यावर काळी बुरशी चढून साऱ्या बागेवर काजळी धरल्यासारखी दिसते, म्हणून तिला कोळशी हे नाव. कोळशीने काळवंडलेली बाग ज्याने पाहिली आहे, त्याला विदर्भातील शेतकऱ्याच्या चेहऱ्याचे वर्णन वेगळे सांगावे लागत नाही.

आता वर्धा नदीकडे परत. तिच्या पश्चिमेकडील, म्हणजे 1803 साली रघुजीराजांनी गमावलेल्या मुलखातील वरुड व मोर्शी हे तालुके आज संत्र्याचे सर्वात मोठे आगर समजले जातात, इतके की वरुडला हौसेने विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात. जो प्रदेश तहाच्या एका कलमाने गेला, तो त्या राजाच्या परसातल्या झाडाने कोणतीही फौज न पाठवता परत मिळवला, आणि त्यावर नागपूरची मोहोर उमटवली. अमरावतीकरांना हे नाव खटकते, आणि त्यांची तक्रार सर्वस्वी गैरवाजवी आहे असे म्हणवत नाही. परंतु या विजयाची किंमत विहिरींनी दिली आहे. विहिरी आटल्या म्हणून बोअर, बोअर आटले म्हणून अधिक खोल बोअर, असे करता करता त्या भागातील भूजल धोक्याच्या पातळीखाली गेले, आणि लागोपाठ दोन कोरडी वर्षे आली म्हणजे वीस वर्षांची उभी झाडे सरपणाच्या भावाने तोडली जातात. त्यात बांगलादेशाने, म्हणजे या फळाच्या सर्वात मोठ्या परदेशी गिऱ्हाइकाने, आयातशुल्क वाढवत नेल्यापासून बहार उक्ता विकणाऱ्या शेतकऱ्याची बाजू अधिकच लंगडी झाली आहे.

राहता राहिली संत्राबर्फी. आत्याबाईंचा जेथे पराभव झाला तेथे हलवायाने कसा जय मिळवला, हे मी एकदा एका जुन्या कारागिराला विचारले. त्याने सांगितले ते असे : फोड सोलून पापुद्रा आणि बी यांचा अंशही गरात येऊ द्यावयाचा नाही, गर पिळावयाचा नाही, मोकळा करावयाचा, आणि खवा व साखर यांचा गोळा होत आला म्हणजे अगदी शेवटी गर घालून, पाणी सुटून आटते न आटते तोच परात पुढे ओढावयाची. कडू होण्यास लागणारा वेळच फळाला द्यावयाचा नाही, आणि जो थोडा कडूपणा उतरेल तो खव्याच्या स्निग्धतेने झाकावयाचा. लिमोनिनचे नावही न ऐकलेल्या त्या गृहस्थाने रसायनशास्त्र्याचे सारे म्हणणे चार वाक्यांत सांगितले, आणि वर आवाज खाली आणून हेही सांगितले की हल्ली पुष्कळ ठिकाणी गराऐवजी रंग आणि अर्क यांच्यावरच भागवतात. ती बर्फी ओळखण्याची खूण त्याने दिली. खरी बर्फी तिसऱ्या दिवशी किंचित, अगदी किंचित, कडवट लागते.